शेवटचे 19 किलोमीटर: मालवाहतुकीचे राज्य मार्ग आणि त्यांच्या वाट्याचा पैसा

गोदाकाठचा_गाडीवाला

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझा वाहतुकीचा धंदा आहे, दोन दहा चाकी गाड्या आणि दोन ट्रेलर. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचे रीफर म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर न्हावा शेवा बंदराला नेतो, बाकीचं वर्ष कांदा. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. परवाच्या ट्रिपनंतर राहवलं नाही.

पॅकहाऊसवरून रात्री साडेआठला कंटेनर सुटला. महामार्गाला लागायला 19 किलोमीटर राज्य मार्ग आहे, हिरव्या डोक्याच्या दगडांचा. त्या 19 किलोमीटरला सव्वा तास लागला. मी मागून जीप घेऊन होतो. कंटेनरला सील लागलेलं असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते बघता येत नाही. पण रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीजवळ पुढचं चाक खड्ड्यात गेलं, मग मागची एकामागून एक गेली, आणि सगळा डबा डावीकडून उजवीकडे हलला. रस्त्यावरच्या माणसाला तो नुसता आवाज वाटतो. मला द्राक्षाचे मणी गळताना दिसत होते. स्प्रिंगचा पाटा तिथेच तुटला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गाडी, एक ट्रिप बुडाली.

महामार्गाला लागल्यावर मात्र काही तक्रार नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. घाटातला वेळ वाचला ही खरी गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण माल तयार होतो शेतात आणि पॅकहाऊसमध्ये. तिथून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा पाच वर्षांत मी दोनदा नवा झालेला बघितला आणि दोनदा फुटलेला बघितला.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या रस्त्यावरून जितकं वजन जातं, त्या हिशेबाने त्याला दरवर्षी दुरुस्तीचा पैसा मिळाला पाहिजे. हे होत का नाही? पैसा येतो कुठून, वाटला जातो कसा? जाणकारांनी लिहावं.

मैलाचा_दगड

गाडीवाले, मी रस्त्यांच्या कामात 31 वर्षं काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नातली पहिली गाठ सोडवतो.

रस्त्याचा सरकारी पैसा मुख्यतः दोन लेखाशीर्षांतून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खात्यांतून येतो. 5054 म्हणजे भांडवली: नवा रस्ता, रुंदीकरण, पूल. 3054 म्हणजे देखभाल दुरुस्ती. आम्ही ऑफिसात 'पन्नास-चोपन्न' आणि 'तीस-चोपन्न' म्हणायचो. पन्नास-चोपन्नला वाली असतात. त्यासाठी नाबार्डचं कर्ज मिळतं, आशियाई विकास बँकेचं मिळतं (2020 मध्ये राज्यातल्या सुमारे 450 किलोमीटर राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गांसाठी 17.7 कोटी डॉलरचा करार झाला होता). केंद्राकडून राज्यांना 50 वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळतं, तेही भांडवली कामांनाच. तीस-चोपन्नला मात्र सहसा कोणी कर्ज देत नाही. ते राज्याच्या महसुलातून काढायचं, आणि महसुलावर पगार, निवृत्तिवेतन, व्याज आधीच बसलेलं असतं. मग उरेल ते खड्ड्यांना.

म्हणून होतं काय, की सहाव्या वर्षी थोडक्या पैशात जो थर टाकायला हवा तो पडत नाही, आणि दहाव्या वर्षी सगळा रस्ता उकरून पन्नास-चोपन्नमधून नवा करावा लागतो. तुम्ही पाच वर्षांत दोनदा नवा झालेला बघितलात, ते याच चक्रातलं, फक्त जास्त वेगाने फिरलेलं.

दुसरी गाठ वजनाची, ती संध्याकाळी सविस्तर लिहितो.

द्राक्षबाग_ताई

दादा, मी पॅकहाऊस चालवते, तुमच्या पलीकडच्या तालुक्यात. मणीगळीचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आम्ही घड विरळून, कात्रीने खराब मणी काढून, पाऊचमध्ये भरून, प्रीकूलिंग करून शून्याच्या आसपास आणतो. तेवढं करून पहिल्याच तासात धक्के बसले की देठाशी मणी सैल होतो. तो तेव्हा गळत नाही. लांबच्या समुद्रप्रवासात गळतो, आणि तिकडे खोकं उघडलं की पाऊचच्या तळाशी सुटे मणी. मग फोटो येतात आणि दर कापला जातो. फोटोत रस्ता दिसत नाही, म्हणून दोष पॅकिंगच्या नावावर पडतो. माझ्याकडे साठ-सत्तर बायका कामाला असतात. कपात झाली की ती शेवटी शेतकऱ्याच्या आणि त्यांच्या हातातूनच जाते.

रस्त्याचा हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. तो मोजायला हवा.

हिशेबनीस

पैसा येतो कुठून, याचं थोडं लिहितो.

डिझेल भरताना आपण जे देतो त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो. व्हॅट राज्याच्या एकत्रित निधीत जातो, त्यातला इतका भाग रस्त्याला असं बंधन नाही. गाड्यांच्या मोटार वाहन कराचंही तेच. म्हणजे गाडीवाले वर्षभर भरतात तो कर रस्त्याला बांधलेला नाही.

बांधलेला पैसा आहे तो केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर. 2000 च्या कायद्याने केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. 2018 मध्ये त्याचं नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी झालं आणि रस्त्यांबरोबर इतर पायाभूत कामंही त्यात आली. ताट तेच, जेवणारे वाढले. डिझेलवरचा हा उपकर मे 2022 च्या कपातीनंतर लिटरला 2 रुपयांवर आला.

आता वाटपाकडे बघा. राज्यांच्या रस्त्यांसाठीचा वाटा राज्याराज्यांत वाटताना 30 टक्के भार इंधनाच्या खपाला आणि 70 टक्के भौगोलिक क्षेत्रफळाला दिला गेला. त्या रस्त्यांवरून माल किती गेला, हे सूत्रात कुठेच नाही. निधीत आंतरराज्य जोडरस्ते आणि आर्थिक महत्त्वाचे रस्ते असा वेगळा कप्पा काढलेला होता. गाडीवाल्यांना हवं आहे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी कल्पना तीच. पण तो कप्पा कामं बांधायला आहे, नंतर सांभाळायला नाही.

आणि हा उपकर असल्यामुळे वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटल्या जाणाऱ्या करांच्या गंगाजळीत तो येत नाही. शुल्क कमी आणि उपकर जास्त असेल, तितका राज्यांचा हक्काचा वाटा लहान होतो. हे दोन्ही पक्षांच्या सरकारांच्या काळात झालेलं आहे, त्यामुळे इथे राजकीय भांडण नको.

फडकरी

नमस्कार. मी ऊसवाला, पंढरपूर भागातला. धागा चांगला आहे, पण मला एक भीती वाटते. अशा चर्चेचा शेवट नेहमी 'ओव्हरलोडवाल्यांना पकडा' इथे होतो आणि काठी बसते ट्रॅक्टरवाल्यावर.

आमच्याकडे दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की चार-पाच महिने रात्रंदिवस डबल ट्रॉली चालतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. तोडणीच्या टोळीला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता असतो, कारखान्याच्या गव्हाणीपाशी बारा-बारा तास रांगेत उभं राहावं लागतं. एका खेपेत जास्त नेल्याशिवाय गणित बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 झाला. हा दंड एकदा बसला तर हंगामाची कमाई गेली. रस्ता खराब होतो हे आम्हाला कळतं. त्याच रस्त्याने आमची पोरं शाळेत जातात.

मैलाचा_दगड

फडकरी, तुमच्यावर काठी उगारण्यासाठी हे लिहीत नाही. पण वजनाचं गणित सगळ्यांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं.

रस्ता डिझाइन करताना 80 किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण 8.16 टनांचा आस (दोन बाजूंची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल) प्रमाण धरतात. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या वर्तुळमार्गांवर दिवसरात्र ट्रक चालवून चाचणी घेतली गेली. त्यातून ढोबळ नियम निघाला की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं की झीज सोळापट.

आपल्याकडे जुलै 2018 मध्ये केंद्राने आसाची मर्यादा वाढवली. मागच्या चार टायरच्या आसाला 10.2 टन होते ते 11.5 झाले. कागदावर वाढ साडेबारा टक्क्यांच्या आसपास. झीज करून बघा: 10.2 टनांचा आस प्रमाण आसाच्या सुमारे 2.4 पट झिजवतो, 11.5 टनांचा 3.9 पट. म्हणजे कायदा पाळणारी भरलेली गाडीसुद्धा आता रस्त्याला दीडपटीहून जास्त झिजवते. जुने राज्य मार्ग त्या हिशेबाने बांधलेले नव्हते, आणि मर्यादा वाढली तेव्हा त्यांवर जादा थर टाकायला जादा पैसा काही आला नाही. माझ्या मते ही मोठी चूक होती. वाहतूकदाराला दिलेली सवलत रस्त्याच्या खात्यावर लिहिली गेली.

त्याच आसावर 16 टन लादले तर झीज जवळपास 15 पट होते. एक ओव्हरलोड आस कायदेशीर चार आसांइतका.

पण याच गणितात फडकरींसाठी उत्तरही आहे. दोन आसांची गाडी 18.5 टनांवर रस्त्याला साधारण 5 प्रमाण आसांइतकी झिजवते आणि त्यात 12 टनांच्या आसपास माल जातो. तीन आसांची दहा चाकी 28.5 टनांवर तितकंच झिजवते, आणि माल 19 टनांच्या घरात नेते. आस वाढले की टनामागे रस्ता कमी झिजतो. कर आणि टोल ठरवताना जादा आसाला सवलत दिली आणि ट्रॉलीला दुसरा आस बसवायला साखर कारखान्यांनी उचल दिली, तर दंडापेक्षा जास्त काम होईल.

वर्धेपलीकडे

विदर्भातून लिहितोय, वणी-चंद्रपूर पट्ट्यातून. तुमच्याकडे द्राक्ष आणि ऊस हंगामापुरता असतो, आमच्याकडे कोळसा बारा महिने. ताडपत्रीखालून भुकटी उडते, खड्ड्यात साचून काळा चिखल होतो, आणि रात्री दुचाकीवाल्याला रस्ता कुठे संपला ते दिसत नाही. माझा मावसभाऊ असाच साइडपट्टीवर घसरून सहा महिने अंथरुणाला होता.

आमच्याकडे पैशाचा एक वेगळा मार्ग आहे. 2015 च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाले स्वामित्वधनाच्या काही टक्के रक्कम त्यात भरतात. त्यातला मोठा भाग पाणी, आरोग्य, शिक्षण यांना राखीव आहे आणि रस्ते, पूल वगैरे उरलेल्या भागातून करता येतात. ते बरोबरच आहे, धुळीने खोकणाऱ्या माणसाला आधी दवाखाना पाहिजे. पण मुद्दा असा की मालावर आकारलेला पैसा त्याच जिल्ह्यात बांधून ठेवता येतो, हे इथे कायद्याने करून दाखवलंय. मग बाजार समितीच्या सेसमधून, साखरेच्या पोत्यामागून काही पैसे त्या त्या रस्त्याला का बांधता येणार नाहीत?

फडकरी

पोत्यामागून म्हणजे परत उसाच्या दरातूनच ना? कारखाना स्वतःच्या खिशातून देणार नाही.

वर्धेपलीकडे

ही शंका रास्त आहे. पैसे भरले तरी खाणीला भाव तोच मिळतो, शेतकऱ्याचं तसं नाही. मी हे खाणीवरून सुचवलं, उसाला ते जसंच्या तसं लागू होणार नाही, मान्य.

घाटमाथा

टोल लावा आणि मोकळे व्हा. ज्याला चांगला रस्ता हवा तो पैसे देईल.

गोदाकाठचा_गाडीवाला

घाटमाथा, टोल आम्ही देतोच आहोत. 1 जून 2015 पासून राज्याच्या 53 नाक्यांवर मोटारी आणि एसटीला टोल माफ झाला, 12 नाके बंद झाले. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. दोन्ही वेळा चालू राहिलेल्या नाक्यांवर मालाच्या अवजड गाड्यांचा टोल तसाच राहिला. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. मैलाचा दगड यांनी दाखवलंच की झीज आमच्या चाकांनी होते, मोटारीने नाही. आम्ही भरायला तयार आहोत. पण माझ्या 19 किलोमीटरवर नाका बसवायला कोणी येणार नाही, कारण तिथे मोटारी नाहीत आणि गाड्या चारच महिने भरून वाहतात. ज्या रस्त्यातून परतावा निघतो तो आधीच चांगला आहे. उरलेल्यांना सरकारी पैशाशिवाय वाली नाही.

सांजवारा

रेल्वेचं कोणी लिहिलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे गेली होती. लांबचा माल रुळावर गेला तर रस्त्याचा निम्मा प्रश्न सुटेल.

द्राक्षबाग_ताई

सांजवारा, लांबच्या रस्त्याचा सुटेल. स्टेशनपर्यंत माल याच रस्त्याने न्यायचा आहे.

हिशेबनीस

आणखी एक गुंता आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. गेल्या दहा-अकरा वर्षांत आपल्या राज्यातले पुष्कळ राज्य मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाले. आज राष्ट्रीय महामार्गांची लांबी महाराष्ट्रात देशात सगळ्यात जास्त आहे, 18,000 किलोमीटरच्या आसपास. पण काही रस्ते नुसते 'तत्त्वतः' घोषित झाले. असा रस्ता दोन्ही घरचा पाहुणा. राज्य म्हणतं आता तो केंद्राचा, केंद्र म्हणतं अधिसूचना निघालेली नाही. दरम्यान पावसाळे जातात. गाडीवाले, तुमचा 19 किलोमीटरचा तुकडा नक्की कोणाकडे आहे ते आधी तपासा. दगडाच्या हिरव्या रंगावर विसंबू नका, दगड रंगवायलाही उशीर होतो.

मैलाचा_दगड

हिशेबनीसांशी सहमत. आणि मला एक गोष्ट सांगायचीय जी अंदाजपत्रकात लहान दिसते.

मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक रस्त्यावर मैलकुली असायचे. फावडं, घमेलं, कुदळ आणि डोक्याला टापशी. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला पहिल्या पावसाळ्यात शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. पाऊस पडत असताना तो मला रस्त्यावर घेऊन गेला. डांबराच्या कडेला पाणी साचून उभं होतं, कारण साइडपट्टीवर माती आणि गवत चढून ती रस्त्यापेक्षा चार बोटं उंच झाली होती. त्याने फावड्याने हातभर रुंद चर मारला. साचलेलं पाणी वळलं आणि गटारात गेलं. म्हणाला, "साहेब, गाडी रस्ता मोडती ते खरं, पर आधी पाणी त्याला भिजवून मऊ करतंय."

आपल्याकडे काळी माती आहे. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कोरडा ठेवला तर तो 11.5 टनही सोसतो. भिजलेला असेल तर कायदेशीर गाडीही त्याला बसवते. मैलकुली निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि चर मारणं, गटार उपसणं, मोरीचं तोंड मोकळं करणं ही कामं कोणाचीच राहिली नाहीत. गाडीवाल्यांचा पाटा मोरीजवळ तुटला असं वाचलं तेव्हाच माझ्या डोळ्यासमोर तुंबलेली मोरी आली. चुकत असेन तर सांगा.

म्हणून मी म्हणेन, मालाच्या रस्त्यांना दरवर्षी बांधून दिलेल्या पैशातला पहिला भाग डांबराला नको, माणसांना द्या. दहा किलोमीटरला दोन माणसं, बारा महिने. मार्चअखेरीला घाईत टाकलेल्या कार्पेटपेक्षा ते रस्ता जास्त टिकवतील.

गोदाकाठचा_गाडीवाला

काका, तुमचं वाचून आज सकाळी मुद्दाम त्या मोरीपाशी गेलो. वरच्या बाजूचं तोंड अर्ध्याहून जास्त गाळाने आणि झुडपाने भरलंय. पाणी खालून जातच नाही, रस्त्यावरून जातं. एवढी वर्षं गाडीत बसून त्या खड्ड्याला शिव्या दिल्या, खाली उतरून मोरी बघितली नव्हती.

आता पुढचं. मोजणीबद्दल मी एका ओळखीच्या माणसाकडून ऐकलं की वाहतूक गणना होते, पण आमच्या रस्त्याची कधी झाली ते कोणाला सांगता येईना.

मैलाचा_दगड

राज्य मार्गाची गणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास व्हावी असा भारतीय रस्ते परिषदेचा दंडक आहे. एकदा माल बाजारात येण्याच्या ऐन हंगामात, एकदा मंदीत. तुमच्या रस्त्याची गणना जर पावसाळ्यातच धरली गेली असेल, तर कागदावर तो रिकामा रस्ता आहे आणि थराची जाडी त्या हिशेबाने ठरलेली असणार. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: गेल्या पाच वर्षांच्या गणनेचे तक्ते तारखांसह, शेवटच्या कामात धरलेला प्रमाण आसांचा आकडा, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो. आसाच्या वजनाचा सर्व्हे केला होता की तक्त्यातला ठरीव आकडा घेतला, हेही विचारा. कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, तीस-चोपन्नची वाट बघायची गरज नाही.

द्राक्षबाग_ताई

दादा, माझ्याकडे चार हंगामांच्या गेटपास वह्या आहेत. कोणता कंटेनर किती वाजता सुटला, वजनकाट्याची पावती, सगळं. आजूबाजूच्या पाच-सहा पॅकहाऊसकडेही असणार. गणनेचे तक्ते आले की शेजारी ठेवून बघू. मी उद्यापासून गोळा करायला लागते.

फडकरी

ताई, काट्याच्या पावत्या आमच्याही कारखान्यावर असतात, प्रत्येक खेपेची. आमच्या रस्त्याचाही अर्ज मी टाकतो. ट्रॉलीला दुसरा आस बसवायला खर्च किती येतो ते आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारलंय, रविवारी सांगतो म्हणाला. आकडा कळला की इथे टाकतो.

गोदाकाठचा_गाडीवाला

अर्ज आज दुपारी दिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. काकांनी सांगितलेल्या गोष्टी तशाच लिहिल्या. तीस दिवसांची मुदत आहे. आणि मोरीचा फोटो जोडून शाखा अभियंत्यांना वेगळं पत्र दिलं, त्यांनी स्वतः येऊन बघतो म्हटलंय. शनिवारी आमच्या दोन गाड्यांचे क्लीनर आणि मी, फावडी घेऊन निदान वरच्या तोंडावरचं झुडूप काढणार आहोत. उत्तर आलं की याच धाग्यावर देतो.